तण कशाला म्हणायचं

२ सप्टेंबर

खुर्ची करकरते! बसल्या बसल्या कळलं. आधीच्या डीनसाहेबांनी हे इतकी वर्षं कसं सहन केलं देव जाणे. पाना मागवला, बाह्या वर केल्या, स्वतः वाकून नट आवळला. शिपाई दारात उभा. चेहऱ्यावर ‘अजून काय काय बघायचं नशिबात आहे’ असा भाव. करकर थांबली. पहिला निर्णय यशस्वी!

दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली — प्रभारी अधिष्ठाता, कृषी आणि नैसर्गिक संसाधन महाविद्यालय. रंगाऱ्याला जागा पुरली नाही, ‘महाविद्यालय’ खालच्या ओळीत चेंगरलंय. ‘प्रभारी’ मात्र ठसठशीत.

कुलगुरूंनी सकाळीच बोलावलं. चहा अर्धा होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा. मग म्हणाले, "बाई, तुमच्याकडे एक कॉलेज आहे की दोन?" मी म्हटलं, कागदावर एक. "कागद मलाही दिसतो." ऑक्टोबरात तज्ज्ञ समिती येणार आहे. शेतीवाले आणि जंगलवाले एकत्र नांदतात असं तिला दिसलं, तर कॉलेज राहील आणि मी डीन म्हणून कायम होईन. नाही दिसलं, तर जंगलवाले विज्ञान शाखेत जातील, आम्ही उरू एका मजल्यापुरते. आणि एका मजल्याला डीन लागत नाही.

घाबरले? मुळीच नाही. मला वाटलं, चला — करण्यासारखं काहीतरी मिळालं!

३ सप्टेंबर

आमच्या दोन इमारती, मध्ये एक रस्ता. इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर सायकलवाल्याने उतरावं. पण तिकडचा माणूस इकडे चहाला येत नाही आणि इकडचा तिकडे फिरकत नाही. आम्ही त्यांना जंगलवाले म्हणतो, ते आम्हाला खतवाले. लग्न लावून दिलं, संसार थाटलाच नाही.

तिकडचे विभागप्रमुख म्हणजे दाढी. त्यांना नावाने कोणीच ओळखत नाही. शांत माणूस. इतका शांत की चीड येते. बोलण्याआधी दाढीवरून हात फिरवतात, तेवढ्यात माझी बैठक संपत आलेली असते. या माणसाला वेगळं व्हायचंय हे मला स्वच्छ दिसतं. तोंडाने बोलत नाहीत इतकंच.

५ सप्टेंबर

मुलं मला ‘तणनाशक’ म्हणतात! जिन्यात ऐकलं. "पळ, तणनाशक आलं!" जन्मभर तणशास्त्र शिकवलं, दुसरं काय म्हणणार? खरं सांगू, आवडलं मला.

८ सप्टेंबर

माझी युक्ती अशी — पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम दोघांचा एकच करायचा. मुलं एका बाकावर बसली की मास्तर किती दिवस फुगून बसतील? आज पहिली संयुक्त बैठक. पहिलाच धडा ‘तण’. म्हटलं, माझा विषय आहे, पाच मिनिटांत उरकेल.

मी फळ्यावर लिहिलं — तण म्हणजे नको तिथे उगवलेली वनस्पती. जगभर हेच शिकवतात. खडू ठेवते न ठेवते तोच दाढीवर हात फिरला. "नको कोणाला?"

झालं! जेवणाची वेळ टळली तरी घोडं तिथेच अडलेलं. आमचे म्हणे, शेतकऱ्याला नको. त्यांचे म्हणे, मधमाशीला विचारलंत का? आमच्यातल्या एकाने मधमाशीचा पगार कोण देतं असं विचारलं. त्यांच्यातली एक बाई उठून गेली. शेवटी मी म्हटलं, व्याख्येची जागा मोकळी सोडू. धडा दोन घ्या. धडा दोन ‘माती’ — तिच्यावर सुदैवाने सगळे उभे होते.

मी हरलेली नाही. जागा मोकळी आहे, म्हणजे ती माझीच आहे.

९ सप्टेंबर

रात्री जेवताना सासूबाईंना कालची बैठक रंगवून सांगितली. सासूबाई जन्मभर मुख्याध्यापिका. मला डीन केल्यापासून त्यांचा माझ्याबद्दलचा आदर थोडा वाढलाय, पण सल्लेही वाढलेत. म्हणाल्या, "बोलतेस फार. सांभाळून बोल."

मग त्यांनी घंटेची गोष्ट सांगितली. एकदा व्हरांड्यात उभ्या होत्या आणि सहज हातातल्या घड्याळाकडे बघितलं. सहज! लांब उभ्या शिपायाने ते बघितलं आणि जाऊन टोल दिले. सगळी शाळा सुटली. पोरं हुर्रे करत फाटकाबाहेर. शिक्षकही गेले, एकानेही विचारलं नाही. "अगं, मला नुसतं बघायचं होतं, औषधाची वेळ झाली का."

हे इतके हसले की ठसका लागला. मीही हसले. शिपाई एकेक वल्लीच असतात!

१२ सप्टेंबर

प्रक्षेत्राची फेरी. गाडी अधीक्षकाने चालवली. प्रक्षेत्राचा, म्हणजे सगळ्या प्रयोगशेतीचा कारभार त्याच्याकडे. सगळे त्याला ‘होमॅडम’ म्हणतात, कारण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं "हो मॅडम" येऊन पडतं. आधीच्या साहेबांच्या वेळी ‘होसर’ असणार! माझाच विद्यार्थी, तणशास्त्रात पहिला आलेला. कामाला वाघ. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. अशी आणखी दोन माणसं मला द्या, राज्य चालवून दाखवते.

प्लॉट कसे भांग पाडल्यासारखे. मन भरून आलं. मग रस्त्यापलीकडचा कोपरा लागला, जंगलवाल्यांचा. बरीच वर्षं त्याला कोणी हात लावलेला नाही — आणि हात न लावणं हाच म्हणे अभ्यास! कमरेएवढं गवत, त्यात नाना तऱ्हेचं काय काय माजलेलं. समोर पाटी, ‘अभ्यास चालू आहे. हात लावू नये.’ मध्ये एक मुलगी उकिडवी बसलेली, केसांत चिमटा खोचलेला. दाढींची संशोधक विद्यार्थिनी. तिला ‘चिमटी’ म्हणतात असं होमॅडमने सांगितलं.

गाडी थांबवून विचारलं, काय करतेस गं? "वाट बघतेय, मॅडम." कशाची? "बी पिकायची. महिनाअखेर पिकेल. शेवटचा हंगाम आहे माझा, हे बी मोजलं की प्रबंध लिहायला बसायचं." चेहरा असा उजळलेला, जसं काही पाहुणे यायचेत. माळ सोडून दिला तर त्यावर आपोआप काय काय परत येतं, हा तिचा विषय. बरी वाटली मुलगी.

पण गाडी निघाल्यावर, मागे त्या माजलेल्या कोपऱ्याकडे बघून जिभेला राहवलं नाही. "चेहऱ्यावर सगळी पावडर आणि नाकावर हा चामखीळ! समितीच्या आधी याचं कोणीतरी काहीतरी करेल तर बरं." होमॅडम हसला. विनोद बरा जमला, म्हणून टिपून ठेवते.

१८ सप्टेंबर

समितीची तारीख आली — २१ ऑक्टोबर. कामाला लागले. आधीचे साहेब दोन-दोन पानी आदेश काढायचे. शेवटी पोचेपर्यंत माणूस सुरुवात विसरायचा. माझा आदेश एका ओळीचा — ‘समितीच्या भेटीपूर्वी सर्व प्लॉटवरील तण काढून घ्यावे.’ सही. होमॅडमच्या हातात दिला. त्याने उभ्या उभ्या वाचला. "हो मॅडम."

याला म्हणतात कारभार.

२१ सप्टेंबर

रविवार. दुपारपर्यंत लोळले. यांनी दवाखाना बंद ठेवून पडदे धुतले. दातांच्या डॉक्टरला आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून पडदे बघावेसे वाटत असतील.

२६ सप्टेंबर

पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकावर दोन्ही विभागांच्या सह्या! दाढींनी सही करायच्या आधी सगळं वाचलं, स्वल्पविरामसुद्धा. पण केली. घोंगडं भिजत पडणार नाही म्हटलं होतं ना!

२९ सप्टेंबर

वाईट झालं.

सकाळी चिमटी केबिनमध्ये आली. आठवडाभर गावी गेली होती — बी पिकेपर्यंत काम नव्हतं म्हणून. दारातूनच म्हणाली, "मॅडम, चला ना." मी चालत गेले तिच्याबरोबर, रस्ता ओलांडून.

कोपरा पिवळा पडलेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सारखा, नेटका. मला एका नजरेत कळलं. हा रोग नाही, पाण्याची कमतरता नाही. हे औषध आहे. आणि फवारणी इतकी सुबक की कुठे एक पट्टा सुटलेला नाही. अशी फवारणी मीच शिकवते.

चिमटी खाली बसली. एकेक काडी हातात घेऊन बघत होती. "हे अजून हिरवं बी आहे, मॅडम. पिकलंच नाही." पुढे म्हणाली, "मला यातलं प्रत्येक ओळखीचं होतं हो." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान मला काहीतरी करता आलं असतं.

होमॅडमला बोलावलं. आला, बघितलं, मान खाली. "आदेश होता, मॅडम. सर्व प्लॉट." तो शब्द माझ्याच तोंडावर आदळला. मी ओरडले — अरे पण पाटी? पाटी दिसली नसेल तुला! गवतात बुडाली असेल, नाही का? "हो मॅडम," म्हणाला.

दाढी मागे येऊन उभे होते, कधी आले कळलं नाही. माझ्याकडे बघितलं. हात दाढीवर गेला नाही. तसेच परत फिरले.

३० सप्टेंबर

जंगलवाल्यांच्या विभागाने ठराव केला — समितीपुढे वेगळं व्हायची मागणी करायची. ठरावाची प्रत माझ्या टेबलावर. कालपर्यंत एका वेळापत्रकावर सह्या होत्या!

दुपारी कुलसचिवांचा फोन. "अहो, सोपं आहे. अधीक्षकाला कारणे दाखवा नोटीस काढा, निलंबित करा. समितीला दाखवायला कारवाई झाली." मी म्हटलं, आदेश माझा होता. "आदेशात तणच लिहिलंय ना? गवताचं नाव तर नाही? मग तुम्ही मोकळ्या." हा माणूस बुडत्या बोटीत खिडकीजवळची जागा मागेल.

यांना सांगितलं. आरसा पुसत म्हणाले, "पेशंट बोट ठेवतो, तोच दात किडलेला असतो असं नाही." म्हणजे काय? "म्हणजे घाईने उपटू नको." उपटायचा विषय आज तरी काढू नका म्हटलं.

रात्री विचार केला. चूक होमॅडमची आहे. पाटी असते तिथे, शोधायला हवी होती. पण ‘सर्व’ मी लिहिलं, ‘तण’ मी लिहिलं. कोणतं तण, कुठलं, काही लिहिलं नाही. एका ओळीची हौस! आणि दुसरं असं, डीनने हाताखालच्या माणसाला पुढे ढकललं तर उद्या एकही माणूस माझ्यासाठी पंप उचलणार नाही. ठरलं. मी अंगावर घेणार. मला पेलतं.

१ ऑक्टोबर

संयुक्त बैठक. एका बाजूला खतवाले, समोर जंगलवाले, मध्ये टेबल. होमॅडम कोपऱ्यात, लग्नात चुकून शिरल्यासारखा.

मी उभीच राहिले. म्हटलं — आदेश माझा, शब्द माझा, चूकही माझी. पाटी गवतात बुडाली होती, ती याला दिसली नाही, पण पाटी शोधायची वेळच येऊ नये असा आदेश काढणं माझं काम होतं. याला नोटीस मिळणार नाही. कोणाला द्यायचीच असेल तर मला द्या, पत्ता बाहेर पाटीवर आहे.

आमच्याच एकाचं तोंड उघडं. कॉलेजात ‘चूक माझी’ हे शब्द कोणी ऐकले असतील असं वाटत नाही. मला आतून कसं भरून आल्यासारखं झालं. खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं. उंच झाल्यासारखं.

मग दाढींचा हात वर गेला. सगळे थांबले. मीही थांबले, पहिल्यांदाच. म्हणाले, "वरचं गेलं. खाली किती असेल?"

मला एक क्षण कळलं नाही. मग कळलं आणि उडीच मारावीशी वाटली! मातीत! दर वर्षी बी गळतं, ते मातीत पडून राहतं, वर्षानुवर्षं झोपून राहतं. या औषधाने उभं झाड मरतं, मातीतलं बी नाही. आणि मातीतून बी धुऊन काढणं, त्याला उगवायला लावणं हे जगात कोणाला जमत असेल तर ते तणवाल्यांना! आम्ही जन्मभर तेच केलं — पुढच्या साली किती तण येणार हे ओळखायला. माझ्या प्रयोगशाळेत चाळण्या पडून आहेत, टाक्या आहेत, ट्रे आहेत. मी बोलत सुटले. चिमटीने केसांतला चिमटा काढून हातात धरला होता.

"उद्यापासून?" दाढी म्हणाले. मी म्हटलं, आजपासून.

ठराव मागे घेतलेला नाही. त्यावर कोणी बोललंही नाही. बघू.

४ ऑक्टोबर

माती! नखांत, कोपरांना, चष्म्यावर.

कोपऱ्यातून जागोजागची माती काढून शेडमध्ये आणली. आमची मुलं धुतात, चाळतात. त्यांची मुलं भिंग घेऊन बसतात, ओळखतात. ओळखता येत नाही ते ट्रेमध्ये पेरायचं, वाट बघायची. आमच्या मुलांना ओळखता काही येत नाही, सगळं त्यांच्या दृष्टीने ‘तण’. त्यांच्या मुलांना चाळणी धरता येत नाही, निम्मं पाणी अंगावर. पहिल्या दिवशी भांडणं, आज डबे एकत्र उघडले.

होमॅडम सगळ्यांत आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. पोत्यामागून पोती उचलतो. त्याला म्हटलं, अरे पुरे, विसर आता ते. "हो मॅडम." पण माझ्याकडे बघत नाही. मी इतकं केलं त्याच्यासाठी, जरा तोंड वर करायला काय हरकत आहे!

११ ऑक्टोबर

उगवलं! तीन ट्रेमध्ये, सुईच्या टोकाएवढं. चिमटी शेडमधून पळत आली ती थेट केबिनमध्ये, चपला चिखलाच्या. गालिच्यावर पावलं उमटली. पुसू दिली नाहीत मी.

१५ ऑक्टोबर

चिमटी म्हणते, वर कधीच दिसली नव्हती अशी रोपंही आता खालून येतायत. मोठ्या गवताच्या सावलीखाली झोपली असावीत. प्रबंधाचं नाव बदलावं लागेल, नवं प्रकरण जोडावं लागेल. "पण होईल, मॅडम." तिने ‘होईल’ म्हटलं आणि मी टेबलावर थाप मारली. चहा सांडला.

शेडमध्येच, ट्रेवर वाकून, दाढींना विचारलं, आता तरी सांगा, तणाची व्याख्या काय लिहू? दाढीवर हात. बराच वेळ. "उपटण्याआधी कोणाला तरी विचारावं लागेल अशी वनस्पती." मुलं खो खो हसली. मी ती पुस्तकात घालणार आहे. जगभर काही का शिकवेनात.

हा माणूस विनोदी आहे हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. बोलायला जागाच दिली नव्हती ना मी.

२१ ऑक्टोबर

समिती! अध्यक्षा काठी टेकत आल्या, वयाने सासूबाईंएवढ्या असतील. सभागृहात मी सगळं मांडायला तयारच होते, पडद्यावर चित्रं वगैरे. त्या म्हणाल्या, "चित्रं नकोत. मुलं कुठे आहेत?"

गेलो शेडमध्ये. मुलं कोपरापर्यंत बरबटलेली. अध्यक्षांनी एकाला काठीनेच थांबवलं. "तू शेतीचा की जंगलाचा?" त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "आत्ता चिखलाचा." पोटभर हसल्या. मग तासभर तिथेच, स्टूल मागवून. चिमटीने एकेक रोप दाखवलं. पिवळा कोपरा बघायलाही त्या गेल्या. कसं झालं विचारलं. मी सांगितलं, माझ्या आदेशाने. कुलसचिवांनी घसा खाकरला. त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

निघताना अध्यक्षांनी दाढींना विचारलं, "तुमचा एक ठराव होता म्हणे?" दाढींनी खिशातून घडी काढली, उलगडली, बघितली, परत घडी केली आणि खिशात ठेवली. "जुना कागद आहे."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. दाढी आडवी आली असती.

३० ऑक्टोबर

कॉलेज एकच राहणार! कुलगुरूंचा फोन. "आता कागदाकडे बघायची गरज नाही." अहवालातलं एक वाक्य त्यांनी वाचून दाखवलं — नेतृत्वाने चूक अंगावर घेतली, यातच या महाविद्यालयाचं बळ दिसतं. दोनदा वाचून घेतलं मी.

हे म्हणाले, आता तिसऱ्यांदा मला सांगू नकोस. सांगितलंच.

६ नोव्हेंबर

कायम! आदेश हातात आला. रंगारी दुपारी आला आणि ‘प्रभारी’ खरवडून काढलं. मोकळ्या झालेल्या जागेत ‘महाविद्यालय’ वर घेऊ का, म्हणाला. म्हटलं, घे बाबा, बसू दे त्याला ऐसपैस.

सासूबाईंना वाकून सांगितलं. "बरं झालं," म्हणाल्या. "आता जपून." मी म्हटलं, आता काय जपायचंय? सगळं मार्गी लागलं!

७ नोव्हेंबर

प्रक्षेत्राची फेरी. होमॅडम गाडी चालवत होता. कोपरा आला. पिवळ्यातून बारीक हिरवं दिसायला लागलंय. पाटी आपल्या जागी. मी म्हटलं, ती जरा उंच लाव रे, पुन्हा गवतात बुडायला नको.

त्याने गाडी थांबवली. समोर बघत म्हणाला, "बुडाली नव्हती, मॅडम."

म्हणजे?

"मी वाचली होती. फवारायच्या आधी काढून बाजूला ठेवली. औषध उडून रंग गेला असता. नंतर परत लावली."

मग दिसली नाही असं का सांगितलंस? "तुम्ही म्हणालात, मॅडम. मी फक्त हो म्हटलं." आणि मग, माझ्याकडे पहिल्यांदा बघून, "चामखीळ म्हणाला होतात. समितीच्या आधी कोणीतरी काहीतरी करेल तर बरं. मला वाटलं, मलाच सांगताय. नंतर आदेश आलाच."

अरे, मी असंच म्हटलं होतं! नुसता विनोद!

"हो मॅडम."

मला वाटत होतं, चूक मी मोठ्या मनाने अंगावर घेतली. ती होतीच अंगावर.

सासूबाई विचारत होत्या, आज गप्प का. त्यांच्या शाळेतला तो टोल देणारा शिपाई आठवत होता. मी नुसतं घड्याळाकडे बघितलं होतं.